तपासणीचा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसते ती. कॅमेऱ्याने फोटो काढला असं लोक म्हणतात आणि मी ऐकून घेते. खरं सांगायचं तर कॅमेरा म्हणजे एक अंधारी डबी. बाहेरचं जग तिच्या आत न्यायचं काम माझं. पण राबणार मी आणि नाव डबीचं, याचं वाईट वाटून घेणं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

माझ्या काठावर एक आकडा कोरलेला आहे, एक पूर्णांक दोन. आमच्यात हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स मोठी उघडते. माझ्या पोटात धातूची पातळ पाती आहेत. ती मिटली की मधलं भोक बारीक होतं, उघडली की मोठं होतं. बाहेरचं एक कडं फिरवून हे करायचं. त्या कड्यावर सोळा, अकरा, आठ असे आकडे आहेत आणि अगदी शेवटी तो एक पूर्णांक दोन. कडं तिथे नेलं की मी पूर्ण उघडते.

पूर्ण उघडल्यावर मी कशी वागते ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. तेव्हा माझ्यातून उजेड भरभरून आत जातो, म्हणून शटर डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटलं तरी फोटो येतो. पण मला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. डोळा धरला तर कान मऊ पडतो, कान धरला तर डोळा. मागची भिंत, खुर्ची, झाडं सगळी विरघळून जातात. मागे दिवे असले तर त्यांच्या गोल टिकल्या होतात आणि कडेच्या टिकल्या बाजूंनी चेपल्यासारख्या दिसतात. कोपरे थोडे काळवंडतात. समोरून ऊन आलं तर साऱ्या चित्रावर साय धरते. जाणकार याला दोष म्हणतात, हौशी लोक स्वभाव म्हणतात. मला दोन्ही नावं चालतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. भट्टीतून निघालेली काच घाई न करता हळूहळू थंड करतात, नाहीतर तिच्यात ताण राहतो. मग घासणं, मग घोटणं, मग पुन्हा घासणं. घोटणाऱ्या बायका आम्हाला उजेडासमोर धरून बघायच्या आणि नापसंत काच बाजूच्या टोपलीत ठेवून द्यायच्या. त्या टोपलीची मला फार भीती वाटायची. शेवटी एका तपासनिसाने मला पूर्ण उघडून समोरच्या तक्त्यावर रोखलं, बराच वेळ पाहिलं आणि सोबतच्या बाईंना म्हणाला की ही थोडी मऊ आहे, पण माणसं छान काढेल. हे प्रशस्तिपत्रक मी आजपर्यंत जपलं आहे.

मला विकत घेतलं ते एका फोटो स्टुडिओच्या मालकाने. सगळी गल्ली त्यांना फोटोवाले काका म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. स्टुडिओ तळमजल्यावर होता, उजेड बेताचा. मला वाटलं, आता आपल्या अंगच्या गुणांचं चीज होणार. कसलं काय! काकांनी पहिल्याच दिवशी कडं आठाच्या खुणेवर आणलं आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहिलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. गिऱ्हाईक नवे कपडे घालून, केस विंचरून येतं. त्याचं सगळं दिसलं पाहिजे, शर्टाच्या बटणापासून कानाच्या पाळीपर्यंत. आठावर पाती बऱ्यापैकी मिटतात आणि पुढचं मागचं सगळं नीट येतं. फक्त उजेड कमी पडतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. काका दोन बोटांनी गिऱ्हाइकाची हनुवटी हलकेच उचलायचे, मान सरळ करायचे आणि श्वास रोखायला सांगायचे. हललेला फोटो त्यांनी कुणाच्या हाती कधी दिला नाही. तो फाडून टाकायचे आणि पुन्हा बसवायचे.

मग त्यांनी मला घेतलंच कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारत असे. दात आहेत तर चणे नाहीत, अशी माझी गत. पण त्यात एक गंमत होती. आमच्या जातीच्या कॅमेऱ्यात डोळा लावून बघताना लेन्स पूर्ण उघडीच असते. बटण दाबलं की तेवढ्यापुरती पाती मिटतात आणि पुन्हा उघडतात. म्हणजे काका बघायचे माझ्या पूर्ण उघड्या डोळ्याने आणि टिपायचे अर्ध्या मिटल्या डोळ्याने. समोरची बाई त्यांना उजळ, मऊ, मागच्या पडद्यापासून सुटी झालेली दिसायची आणि फोटोत ती पडद्याला चिकटून, टाचणीसारखी टोकदार यायची. माझं खरं रूप जगात त्या एकाच माणसाला माहीत होतं आणि तो ते कुणाला दाखवत नव्हता.

काकांची लेक मोठी झाली आणि स्टुडिओत उभी राहू लागली. तिने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तिला माझं गुपित कळलं. तिने वडिलांना विचारलं, आत दिसतं तसं बाहेर का येत नाही? काकांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने कडं आठावरून शेवटाला नेलं. ते इतकं घट्ट बसलं होतं की फिरवताना तिने दोनदा हात झटकला.

सुरुवातीला तिचे फोटो हमखास बिघडायचे. ती चौकटीच्या मध्यावर डोळा धरून फोकस करायची आणि मग चेहरा बाजूला घ्यायला कॅमेरा वळवायची. पूर्ण उघड्या लेन्सला एवढं वळणंही सोसत नाही. फोकस डोळ्यावरून घसरून मागे जायचा. काका ओला प्रिंट हातात धरून म्हणायचे, "कान सुंदर आलाय. आता माणसाचा काढ."

त्यात एक शिंपी आला. स्वतः शिवलेला कोट घालून. लेकीने त्याचा असा काही चेहरा काढला की डोळ्यांत जीव उतरला, पण खांदे पार विरघळले. शिंप्याने फोटो खाली ठेवला आणि म्हणाला की तोंड काय, आरशात रोज बघतो, खांद्याची शिवण बघायला फोटो काढला होता. काकांनी त्याला पुन्हा बसवलं आणि आठावर काढून दिला. त्या रात्री जेवताना बाप-लेकीत बरंच वाजलं म्हणे. मी स्टुडिओत होते, मला सकाळी दोघांच्या अबोल्यावरून कळलं.

हळूहळू लेक शिकली. कॅमेरा वळवायचा नाही, आपणच तेवढं बाजूला सरकायचं, हे तिला स्वतःलाच सुचलं. मग तिचे डोळे चुकले नाहीत. तरी गिऱ्हाइकांसाठी आठ आणि स्वतःसाठी एक पूर्णांक दोन, असा दोघांत तह झाला.

पुढे काकांच्या मानेला कंप सुटला. आधी कॅमेऱ्याला डोळा लावला की तेवढ्यापुरता, मग चारचौघांत, मग सारखाच. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. हात मात्र खडकासारखे स्थिर. डॉक्टरांनी सांगितलं की जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही, आणि कुणी बघतंय म्हटलं की जास्त होईल. तसंच व्हायचं. दुकानदार दाखवत असलेली वस्तू काकांना पसंत असायची आणि मान नाही नाही म्हणायची. दुकानदार बिचारा दुसरी काढायचा, मग तिसरी. काका आधी हसायचे. पुढे त्यांनी दुकानात जाणं सोडलं.

फोटो तर त्यांनी पार बंद केले. काढणंही आणि काढून घेणंही. उभा जन्म लोकांच्या माना सरळ करण्यात गेला होता. हललेल्या फोटोत माणसाचं काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? घरात कुणी कॅमेरा उचलला की ते उठून आतल्या खोलीत जायचे. मलाही त्याच सुमारास कपाटात ठेवलं गेलं. लेकीने नव्या लेन्सा घेतल्या, त्या आपला फोकस आपणच करायच्या. मला राग आला नाही असं नाही. पण कपाटात राग धरून होतं काय? ओल होती, अंधार होता. पात्यांवर तेल उतरलं, आतली एक काच वयाने पिवळी पडत गेली आणि एका कोपऱ्यात बुरशीचं बारीकसं जाळं धरू लागलं.

मग काकांच्या नातीचं लग्न ठरलं. लेकीची एकुलती एक मुलगी ती, आजोबांच्या मांडीवर वाढलेली. काकांनी शांतपणे सांगितलं की मी लग्नाला येणार नाही. तिथे जिकडेतिकडे फोटो काढतील, प्रत्येक फोटोत मीच तेवढा हललेला असेन, आणि तुझ्या लग्नाचे फोटो बिघडवायला मी येऊ का? नात रडली. म्हणाली, मग मलाच फोटो नकोत. त्यावर काका चिडले, कारण त्यांच्या मते फोटो नसलेलं लग्न म्हणजे न झालेलं लग्न. गाडी तिथेच अडली.

लेकीने एक प्रयत्न करून पाहिला. वडिलांना खुर्चीत बसवलं आणि फ्लॅश लावला, की त्या लख्ख उजेडात मान गोठून दिसेल. पण आता फ्लॅश पेटणार, आता पेटणार, या वाट पाहण्यानेच काकांची मान दुप्पट हलली आणि डोळे घट्ट मिटले गेले. फोटोत आला तो एक घाबरलेला म्हातारा. काकांनी तो पाहिला, चार तुकडे केले आणि लग्नाचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही, असं बजावलं. ते सरळ बोलले होते, रागावले नव्हते. म्हणून घरात सगळ्यांना जास्त लागलं.

याच दिवसांत लेकीने कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं. कशासाठी ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. लग्नात आईच्या नजरेने दोन-चार फोटो काढावेत, एवढंच मनात असावं. माझी पाती चिकटलेली होती. तिने मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने मला उघडून तेल पुसलं, बुरशी काढली, पुन्हा बसवलं आणि पिवळेपणासाठी उन्हात ठेवायला सांगितलं. मग बरेच दिवस मी खिडकीबाहेरच्या कठड्यावर ऊन खात पडून होते. म्हातारपणी यापेक्षा चांगलं औषध नाही.

लेन्स उघडून पुन्हा जोडली की ती तपासावी लागते. काच केसभर जरी पुढेमागे बसली तरी फोकस चुकतो. काकांची तपासायची रीत जुनी. वर्तमानपत्र तिरकं धरायचं, मधल्या एका ओळीवर फोकस करायचा, लेन्स पूर्ण उघडून फोटो काढायचा. फोटोत तीच ओळ स्पष्ट आली तर लेन्स बरोबर. वरची किंवा खालची आली तर परत दुरुस्तीला.

लेक वर्तमानपत्र एका फळीला टाचत होती. काकांनी ते दारातून पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. फळी वाकडी आहे म्हणाले. पेपर काढून घेतला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर छातीशी तिरका धरून स्वतःच बसले.

"बाबा, तुम्ही चौकटीत येताय," लेक म्हणाली.

"येऊ दे. तपासणीच्या फोटोत माणूस नसतो, स्टँड असतो. तू काढ."

आणि काकांनी धडाधड सूचना द्यायला सुरुवात केली. कोपर अंगाशी धर. फोकसचं कडं लांबून आण, एकदम ओळीवर थांबू नकोस, थोडी पुढे जा आणि मागे ये. अगं, श्वास सोड आणि मग दाब. कितीतरी दिवसांनी ते कामावर आले होते. आपल्याकडे कुणी बघतंय हे ते साफ विसरले. मान हलत होतीच, पण नेहमीपेक्षा कमी, आणि ते माझ्याकडे सरळ बघून बोलत होते.

लेकीने सांगितल्याप्रमाणे ओळीवर फोटो काढले. मग तिचा हात थांबला. तिला काय दिसलं ते मी सांगू शकते, कारण तिने ते माझ्यातूनच पाहिलं. बाबांची मान हलते ती आडवी. पुढेमागे नाही. म्हणजे त्यांचा डोळा डावीकडे गेला काय आणि उजवीकडे गेला काय, माझ्यापासूनचं त्याचं अंतर तेच राहतं. एरवी डोळा जरा पुढे आला की मी चुकते, इथे चुकायचं कारण नव्हतं. आणि मी पूर्ण उघडी होते, खिडकीचा उजेड होता, त्यामुळे शटर इतकं झटकन मिटणार होतं की त्या क्षणापुरती मान जिथे असेल तिथेच राहील. आठावर हे जन्मात जमलं नसतं.

ती कॅमेरा न वळवता स्वतःच एवढीशी बाजूला सरकली. फोकस ओळीवरून उचलून काकांच्या डाव्या डोळ्यावर आणला. काका तेव्हा नव्या लेन्सांना नावं ठेवत होते. तिने बटण दाबलं.

रोल धुऊन झाला, प्रिंट काढले. काका हातात भिंग घेऊन टेबलाशी बसले, मी शेजारी झाकणाशिवाय पडून होते. पहिले प्रिंट त्यांनी मान्य केले. ओळ बरोबर आहे, दुरुस्तीवाल्याचा हात चांगला आहे म्हणाले. मग शेवटचा आला. पेपरची अक्षरं विरघळून राखाडी झाली होती. खिडकी, पडदा, खुर्चीची पाठ कशालाच कडा उरली नव्हती. आणि मधे काका होते. बोलता बोलता किंचित उघडं तोंड, एका भुवईत चीड, आणि डोळा असा लख्ख की पापण्यांचे केस वेगवेगळे दिसावेत. मान स्थिर.

काकांनी भिंग त्या डोळ्यावर ठेवलं आणि काही वेळ उचललं नाही.

"हा तपासणीचा नाही," ते म्हणाले.

"नाही, बाबा. शेवटचा तुमच्यावर धरला."

"मला न विचारता."

"हो."

त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता फाडणार. त्या हातांनी किती फोटो फाडले ते मी पाहिलं होतं.

"शटर?"

"हजारावर." म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

"ॲपर्चर?"

"पूर्ण उघडं."

काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. प्रिंट लेकीपुढे सरकवला. "मोठा करून दे," म्हणाले. आमच्या धंद्यात यापलीकडे कौतुक नसतं. संध्याकाळी त्यांनीच नातीला हाक मारली आणि लग्नात घालायला त्यांचा कोणता सदरा बरा दिसेल ते विचारलं.

लग्नाच्या दिवशी मी लेकीच्या गळ्यात होते, कॅमेऱ्यासकट. खरे फोटो काढायला एक फोटोग्राफर बोलावला होता, चांगला होतकरू. दुपारी उंच खिडक्यांच्या दिवाणखान्यात दोन्ही घरची माणसं रांगांनी उभी राहिली. नवरा-नवरीशेजारी, पहिल्या रांगेत, काका खुर्चीवर बसले. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. तो काकांची मान थांबायची वाट बघत होता. सगळ्यांना ते कळलं. सगळे बघायला लागले आणि मान आणखीच हलू लागली. फोटोग्राफर अवघडून म्हणाला, "आजोबा, जरा एक क्षणभर..."

नातीने आजोबांचा हात धरला. लेक पुढे व्हायला निघाली. तेवढ्यात काका बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"माझी मान थांबायची नाही, बाळा. ती अशीच राहणार. तू लेन्स उघड, शटरचा वेग वाढव आणि माझ्यावर धर."

"पण आजोबा, मागच्या रांगा मऊ येतील."

"येऊ देत," काका म्हणाले. "आज मला यायचंय."

फोटोग्राफरने लेन्स उघडली. माझ्यासारखी नव्हती ती, तिला आपलं कडंही नव्हतं, पण काम तिने चोख केलं. मागच्या रांगेतले नवऱ्या मुलाचे मामा अजून विचारतात की आमच्याच तोंडावर धुकं का. पहिल्या रांगेत काका आहेत, ताठ, नातीचा हात हातात, आणि हसताहेत.

तर मित्रांनो, सांगायचं ते एवढंच. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी लेन्स असेल तर तिला ओलसर कपाटात डांबून ठेवू नका. अधूनमधून बाहेर काढा, कडी फिरवा, ऊन दाखवा. ती कुठे चुकते ते नीट शिकून घ्या, मग ती चुकत नाही. आणि घरात कुणी फोटोच्या वेळी गुपचूप आतल्या खोलीत जात असेल तर त्याला हसू नका आणि दंडाला धरून ओढूही नका. त्याला कसली भीती वाटते ते शोधा. मग त्याला खिडकीजवळ बसवा आणि मला पूर्ण उघडा. त्या एकाला पकडताना बाकीचं जग थोडं पुसट झालं तर बिघडत नाही.